खाणवाडीचा खाडा

आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी कुमुदमावशी गेल्याची बातमी मला ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवंटातून कळली. मला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे असं माझी बायको सुनंदा चारचौघांत सांगत असते, म्हणून आधीच सांगतो, यातलं काहीही वाढवून सांगितलेलं नाही. शुक्रवारची दुपार होती. जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. बाहेरच्या देशातला नंबर. पलीकडून एक घोगरा, म्हातारा आवाज इंग्रजीत म्हणाला, "सुहास? माउसीचा काडा आला नाही." मला ऐकू आलं 'काढा'. हल्ली कोण कुठून फोन करून काय विकेल याचा नेम नाही, तेव्हा मी म्हणालो, "नको, आमच्याकडे कुणी घेत नाही," आणि फोन ठेवून दिला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी आवाज चढलेला होता. "मी कॉलिन बोलतोय. आज शुक्रवार. माउसीचा काडा नाही. जाऊन बघ." मग मात्र मी ताडकन उठून बसलो. तो काढा नव्हता, खाडा होता.

मावशीच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. सुनंदा आणि मी जवळजवळ धावतच गेलो. मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. मांडीवर ताट, ताटात अर्ध्या सोललेल्या पावट्याच्या शेंगा, मान जराशी कललेली. डुलकी लागली असावी असंच वाटत होतं... सुनंदाने तिच्या हाताला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. फोन समोर ओट्यावर होता, चष्मा त्याच्या शेजारी. म्हणजे फोन करायचा तिच्या मनात होता, शेंगा सोलून झाल्या की करू असं म्हणाली असेल. याला आता काही आठवडे झाले आणि मी रडण्याचा कार्यक्रम उरकून घेतला आहे, म्हणून हे लिहायला बसलोय. शिवाय मावशीला रडका माणूस पानावर बसलेला चालायचा नाही. "आधी जेव, मग रड," असा तिचा नियम होता.

मावशी माझी सख्खी, चुलत, कोणत्याच नात्याने मावशी नव्हती. पार्ल्यात, पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तिची खाणावळ होती. मालवणकडून नोकरीसाठी आलो तेव्हा मी अंधेरीला खोली घेऊन राहत होतो आणि दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत होतो. ज्यांनी कधी खाणावळीत जेवण लावलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : एखाद्या वेळी जेवायला येणार नसाल तर आधी तसं कळवायचं, याला खाडा सांगणं म्हणतात. खाडा सांगितला की तेवढं अन्न कमी रांधलं जातं आणि तेवढ्या जेवणाचे पैसे लागत नाहीत. बाकीच्या खाणावळींत खाड्याचा अर्थ एवढाच. मावशीकडे मात्र खाडा न सांगता कुणी आला नाही, की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. एकदा मी खोलीवर तापाने फणफणलो होतो आणि खाडा सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी दारावर धाडधाड आवाज. उघडून बघतो तो मावशी, हातात पेजेचा डबा, जिने चढून धापा टाकत असलेली. "मेल्या, खाडा नाही, माणूस नाही, मी समजायचं काय?" असं ओरडली आणि मग कपाळाला हात लावून बघितलं. आईपासून लांब राहणाऱ्या माणसाला असं कुणी ओरडलं की किती बरं वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि जरा भाव खात म्हणालो, "मावशी, आता माझा कायमचा खाडा."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "कायमचा खाडा असं काही नसतं रे. यायचं नसेल तर नाव कमी कर म्हण. खाडा म्हणजे आज नाही, पुढे येणार. बोल, काय करू? नाव कमी करू?"

"नको," मी म्हणालो.

"मग? बायकोला घेऊन ये रविवारी. आणि खाडा झाला तर दोघांचा सांग."

लग्नानंतर आम्ही पार्ल्यातच घर घेतलं. सुनंदा पहिल्या रविवारी आली आणि तिच्याच पंखाखाली गेली. मी आपला पानावर बसलेला, आणि या दोघी स्वयंपाकघरात माझ्याच तक्रारी करताहेत, असं पुढे वर्षानुवर्षं चाललं.

मग मावशीची इमारत पाडून नवी बांधायला घेतली आणि खाणावळ बंद झाली. मावशीचे यजमान, आमचे काका, आधीच गेले होते. नव्या इमारतीत मावशीला वरच्या मजल्यावर झकास घर मिळालं, गुळगुळीत ओटा, आपोआप बंद होणारे खण, सगळं. पण जेवायला कोण? जिने आयुष्यभर पंगतीमागून पंगती उठवल्या, ती एकटीसाठी वाटीभर भात लावायला लागली. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ती विचारायची, "जेवलात का?" आणि लोक कसनुसं हसून 'हो' म्हणायचे. आम्ही सगळे शहाणे तिला सांगत होतो, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर. ती आराम करत होती आणि वाळत चालली होती. तिला कुणीतरी जेवायला यायला हवं होतं, बाकी काहीच नको होतं, आणि नेमकं तेवढंच देणं आम्हाला जमत नव्हतं. मी आणि सुनंदा जायचो, पण दोन माणसांनी तिचं काय होणार!

तिचा मुलगा मंदार डॉक्टर. तो ऑस्ट्रेलियात नोकरीला होता. एक दिवस त्याचा फोन आला की नवी बदली झाली आहे, एका लहान गावच्या दवाखान्यात तो एकटाच डॉक्टर, आई, तू इकडे येऊन राहा. कसलं गाव, म्हणून मावशीने विचारलं. तो म्हणाला, "खाणीचं गाव आहे, आई." लाइन खरखरत होती. मावशीने ऐकलं, 'खाणावळीचं गाव'. झालं! पुढचे कितीतरी दिवस ती भाजीवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना सांगत होती, "मंदारच्या गावाला खाणावळीचं गाव म्हणतात. अख्खं गाव एकत्र जेवतं म्हणे!" मलाही शंका आली नाही, कारण परदेशात काय, काहीही असू शकतं. वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियाला यायला तयार नसलेली बाई त्या एका शब्दापायी पासपोर्ट काढून मोकळी झाली. विमानतळावर तिच्या सामानातला गोडा मसाला अधिकाऱ्यांनी हुंगून बघितला, तेव्हा तिने त्यांनाही सांगितलं म्हणे, की मी खाणावळीच्या गावाला चालले आहे.

तिथून आलेला तिचा पहिला फोन मी विसरणार नाही. "सुहास, फसवलं रे मला! वाट लागली माझी. खाणावळ कुठली, इथे पेट्रोल पंपावर पाव मिळतो तेवढाच. खाण आहे खाण, तांब्याची. आणि तीपण बंद पडलेली!" मी हसून हसून लोळलो. मग तीही हसायला लागली. गावाचं खरं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. मावशीने त्याचं नाव ठेवलं खाणवाडी. एकच मोठा रस्ता, पण आपला अख्खा स्टेशन रोड त्यात आडवा मावेल एवढा रुंद. दोन्हीकडे पत्र्याच्या छपरांची घरं, त्यातली निम्मी बंद. गावाच्या टोकाला खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा, ज्याच्या चाकावरून पूर्वी माणसं खाली सोडत. खाण बंद पडल्यावर तरुण मंडळी निघून गेली आणि म्हातारे तेवढे उरले, एकेकाच्या घरात एकेक. "माती मात्र आपल्यासारखी लाल आहे रे," ती म्हणाली. "राजापूरची वाटते. फक्त पाऊस यायचा विसरलाय. आणि माशा इतक्या, की तोंड उघडून बोलायची सोय नाही. कांगारूने काल तुळस खाल्ली."

"मग परत येतेस का?"

"थांब जरा. इथे एकेकटे जेवतात रे सगळे. डबे फोडून. मला बघवत नाही."

त्या एका वाक्याने मला कळलं की ही बाई आता परत यायची नाही.

खाणवाडीत खाणकामगारांचा एक जुना हॉल होता, गॅसची मोठी चूल, मोठी भांडी, सगळं धूळ खात पडलेलं. हॉलची किल्ली कॉलिनकडे. कॉलिन जन्मभर खाणीत काम केलेला, बायको गेलेली, बोलायला महा कंजूष. त्याने दार उघडून दिलं आणि मावशीला पहिल्यांदा दिसला तो भिंतीवरचा फळा. त्यावर खिळ्यांच्या रांगा आणि काही खिळ्यांवर पितळेचे गोल बिल्ले. मंदारने तिला समजावून सांगितलं की खाणीत उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आपला बिल्ला फळ्यावर लावायचा आणि वर आलं की काढायचा. पाळी संपल्यावर एखादा बिल्ला फळ्यावर राहिला, तर तो माणूस अजून खाली आहे. मग त्याला शोधून काढल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मावशी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तर खाड्याचा फळा आहे!"

पुढच्या शुक्रवारी तिने पहिली पंगत घातली. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी, मटकीची उसळ. आयुष्यात मांसाशिवाय न जेवलेला कॉलिन सगळं संपवून शांतपणे म्हणाला, "छान होतं. आता जेवण कधी?" मावशीने त्याच्या पानावर आणखी एक पोळी टाकली. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी पंगत ठरली. फळ्यावर प्रत्येकाचा बिल्ला. सुलटा म्हणजे जेवायला येणार, उलटा म्हणजे खाडा. ख म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, म्हणून झाला काडा, आणि मावशीची झाली माउसी. कुणीतरी तिच्या बिल्ल्यावर खिळ्याने एक उंदीर कोरून दिला. आधी ती भडकली, "मी काय उंदीर आहे?" मग गणपतीचं वाहन आहे असं स्वतःच ठरवून शांत झाली आणि पार्ल्यात येऊन त्या बिल्ल्याचा फोटो सगळ्यांना दाखवत फिरली.

एका शुक्रवारी कॉलिनचा बिल्ला सुलटा होता आणि कॉलिन आला नाही. बाकीचे म्हणाले, झोपला असेल, बियर जास्त झाली असेल, बसू या. मावशीने गॅस बंद केला. "खाडा नाही, माणूस नाही. कुणाला वाढणार नाही मी." मराठीत बोलली, पण लोकांना कळलं. सगळे उठून गेले तर कॉलिन परसात पाण्याच्या टाकीपाशी पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, हाका मारून घसा बसलेला. मंदारनेच मोठ्या शहरातून रुग्णविमान मागवून त्याला हलवलं. काही महिन्यांनी कुबडी घेऊन परत आला, तो थेट हॉलमध्ये. आल्या आल्या आपला बिल्ला सुलटा केला, बसला आणि म्हणाला, "भात." ही गोष्ट मावशी सांगायची तेव्हा कॉलिनचा 'भात' हुबेहूब त्याच्याच आवाजात म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची.

त्यानंतर काही वर्षं ती अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं इकडे अशी राहिली. इकडे आली की तिचं अंग भरलेलं, आवाज खणखणीत, आणि तोंडी सदा खाणवाडी. "आमच्या खाणवाडीत ना..." अशी सुरुवात झाली की आम्ही घड्याळाकडे बघायचं सोडून देत असू. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या वेळेवरून भांडण पेटलं, तर ही उभी राहून सांगणार, "आमच्या खाणवाडीत वर्षभर पाऊस नाही, कुणी भांडत नाही." मला म्हणायची, "एकदा चल माझ्याबरोबर." मी म्हणायचो, "मी काय करू वाळवंटात? मला समुद्र लागतो, मासे लागतात." शेवटच्या फेरीहून आली तेव्हा तिने बॉम्ब टाकला. "तुझ्या नावाचा बिल्ला लावून आलेय फळ्यावर. उलटा. तू येईपर्यंत खाडा." आणि स्वतःचा उंदीरवाला बिल्ला ती चुकून कमरेच्या एप्रनच्या खिशात घालून इकडे घेऊन आली होती! कॉलिन फोनवर भयंकर संतापला. बिल्ला कधी गावाबाहेर न्यायचा नसतो, हा खाणीचा कायदा. शेवटी त्याने तिच्या खिळ्यावर तात्पुरतं बाटलीचं झाकण अडकवलं. मावशीने बिल्ला ओट्याशेजारच्या खिळ्यावर, पोळपाटाच्या वर टांगला. "पुढच्या वेळी घेऊन जाईन," म्हणाली.

पुढची वेळ आली नाही. छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला साफ मनाई केली. मंदार येऊन गेला. इकडेच येऊन राहतो म्हणाला, तर हिने त्याला हाकललं, "तू आलास तर त्या म्हाताऱ्यांना कोण बघणार?" तिकडे पंगत चालूच होती. कॉलिन आमटी करायचा आणि मावशी फोनवरून ओरडायची, "गूळ टाक रे, गूळ!" एकदा त्याने गुळाऐवजी मध टाकला, तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला. पण दर शुक्रवारी, आपली दुपार व्हायच्या आत, तिचा फोन जायचा, "कॉलिन, माझा खाडा." न चुकता, दर आठवड्याला. पलीकडे कॉलिन बाटलीचं झाकण उलटं करायचा.

एकदा मी न राहवून म्हणालो, "मावशी, दर आठवड्याला कशाला हा त्रास? सरळ सांग ना त्यांना, आता येणं जमणार नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडली नाही. "अरे, ते म्हणजे नाव कमी करणं," ती म्हणाली. "मला सांगता येतं ना अजून खाडा? मग माझी जागा आहे तिथे. माझं नाव कमी करायला मला नको सांगूस रे सुहास." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर तिने मला कॉलिनचा नंबर वहीत लिहून घ्यायला लावला आणि माझा त्याला दिला. "माझा फोन गेला नाही, तर तो तुला करेल. तेव्हा उचल म्हणजे झालं, झोपून राहू नकोस."

मी झोपलोच होतो, आणि उचलून ठेवूनही दिला. मावशीला हे सांगता आलं असतं तर ती किती हसली असती! तिने कॉलिनला शोधायला माणसं पाठवली, आणि कॉलिनने तिला शोधायला मला पाठवलं. मंदार त्या दिवशी लांबच्या वस्तीवर रुग्ण बघायला गेला होता, त्यालाही कॉलिननेच शोधून निरोप दिला. मंदार आला, सगळं नीट झालं. तेराव्याच्या जेवणाला जुन्या खाणावळीतले इतके लोक जमले की सोसायटीच्या हॉलमध्ये दोन पंगती कराव्या लागल्या, आणि लोक खो खो हसत तिच्या शिव्या आठवत जेवले. मावशीचा खरा मान तो होता.

परत जायच्या आदल्या दिवशी मंदार घर आवरत होता. पोळपाटाच्या वरचा बिल्ला त्याने खिळ्यावरून काढला, पुसला आणि मला वाटलं बॅगेत टाकेल. त्याने तो माझ्या हातात ठेवला. "दादा, मी नेला तर तो नुसता पोचेल," तो म्हणाला. "तू घेऊन ये."

बिल्ला आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. सुनंदाने गॅसच्या बाजूला त्याच्यासाठी खिळा ठोकला आणि उंदीर दिसेल असा सुलटा लावला. ती रोज पोळ्या करताना त्याच्याशी काय बोलते ते मी विचारत नाही, माझ्याच तक्रारी असणार. मंदार गेल्यानंतरच्या शुक्रवारी सकाळपासून मला काही सुचेना. शेवटी दुपार व्हायच्या आत मी फोन लावला. पलीकडे भांडी वाजत होती, कुणीतरी जोराने हसत होतं.

"कॉलिन," मी म्हणालो, "मावशीचा खाडा."

पलीकडे खिळ्यावर पत्र्याचं झाकण फिरल्याचा बारीक आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "आणि तुझा?"

सुनंदा पोळी लाटायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"आमचा दोघांचा," मी म्हणालो. "पण खाडाच हं, कॉलिन. नाव कमी करू नकोस."